मरणाच्या कवितेला ‘वा’ म्हणावं का?

एखाद्या बैठकीत कुणी मरणावरची कविता वाचली आणि ती खरोखरच चांगली निघाली, की शेवटच्या ओळीनंतर सगळ्यांची पंचाईत होते. प्रेमाची असती तर ‘वा’ सहज निघालं असतं. पावसाची असती तर ‘क्या बात है’ झालं असतं. इथे तोंड उघडतं आणि तसंच राहतं. ज्याने आत्ताच आपल्या आईच्या गार पडलेल्या पावलांवर चार कडवी वाचली, त्याला ‘वा’ म्हणायचं? टाळ्या वाजवायच्या? कुणी घसा खाकरतं, कुणी नुसतं ‘हं’ करतं, कुणी पाण्याचा ग्लास पुढे सरकवतं, आणि सूत्रसंचालक घाईघाईने पुढच्या कवीचं नाव पुकारतो. पुढच्या कवीचे हाल तर विचारूच नका. त्या बिचाऱ्याने नेमकी विनोदी कविता आणलेली असते.

मी कविता लिहीत नाही, नुसती वाचते आणि ऐकते, त्यामुळे ही पंचाईत माझ्या ओळखीची आहे. कवी निदान लिहून मोकळा होतो. वाचणाऱ्याच्या पदरात ती कविता पडते, आणि पुढे तिचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. मग तो सुचेल ते बोलतो. कुणी कवीची तब्येत विचारतं. कुणी म्हणतं, ‘छानच आहे, पण शेवटी एखादा आशेचा किरण हवा होता.’ जणू कविता म्हणजे बोगदा, आणि पलीकडचा उजेड दिसल्याशिवाय कंत्राटदाराचं बिल काही मंजूर व्हायचं नाही. कुणाला त्यात ‘आजच्या परिस्थितीवर नेमकं बोट’ दिसतं. कवितेत परिस्थिती नावालाही नसते, खिडकीशी बसलेला एक म्हातारा असतो. पण काळ वाईट असला की खिडकीतला म्हातारासुद्धा राजकीय वाटायला लागतो. आणि काही जण ‘फारच निगेटिव्ह आहे बुवा’ म्हणून सरळ उठून जातात. ते निदान प्रामाणिक.

प्रश्न जुना आहे. चौदाव्या शतकात विश्वनाथ या संस्कृत काव्यशास्त्रकाराने ‘साहित्यदर्पणा’त तो एकदाचा निकालात काढला, निदान त्याच्यापुरता. करुण रसातून आनंद मिळतो याला पुरावा काय? सहृदयांचा अनुभव, आणि एवढंच पुरे. वर एक वकिली मुद्दा जोडलाय: त्यातून नुसतं दुःखच होत असतं तर त्या काव्याकडे कुणी फिरकलंच नसतं, आणि रामायणालाही दुःखाचं कारण म्हणायची वेळ आली असती. मग डोळ्यांत पाणी का येतं? चित्त वितळतं म्हणून. मला हे उत्तर आवडतं. त्यात रडणाऱ्या वाचकाला कुणी कमकुवत समजत नाही. उलट, चित्त वितळण्याच्या लायकीचं आहे याचीच ती पावती.

पण या शास्त्रात एक अट दडलेली आहे, आणि ती अभिनवगुप्त या त्याच्याही आधीच्या काश्मिरी आचार्याने जास्त स्पष्ट सांगितली आहे. रसाच्या वाटेत येणारी सात विघ्नं त्याने मोजली. त्यांतलं एक म्हणजे पाहणारा स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणं. घरात कुणी अत्यवस्थ असताना नाटकातला शोक चाखता येत नाही. शोकाची गोडी लागायला तो आपला नसावा लागतो. रामाचा विलाप आपला नसतो, म्हणून तर तो ऐकत रात्र सरते.

याचा पडताळा मी पाहिला आहे. ओळखीतल्या एका बाईंचे यजमान गेले तेव्हा लोकांनी प्रेमाने पुस्तकं आणून दिली. शोकाच्या कविता, मृत्यूचं चिंतन, संतांची निवडक वचनं. त्या बाईंनी त्यातलं एकही उघडलं नाही. कितीतरी महिने त्या फक्त रहस्यकथा वाचत होत्या. मी जरा बिचकतच विचारलं, तर म्हणाल्या, ‘अगं, त्यात माणूस पहिल्याच प्रकरणात मरतो आणि पुढे शेवटपर्यंत सगळे त्याच्याविषयीच बोलत राहतात. मला ते फार बरं वाटतं. इकडे तर तेराव्यानंतर कुणी नाव काढत नाही.’ अभिनवगुप्ताला हे उदाहरण मिळालं असतं तर त्याने त्याचं काय केलं असतं, कुणास ठाऊक.

तर अडचण अशी की काळ वाईट असतो तेव्हा सगळं सभागृहच त्या विघ्नाने ग्रासलेलं असतं. साथ असो, युद्ध असो, दहशत असो. प्रत्येकाच्या मनात स्वतःचं काहीतरी चाललेलं असतं, आणि कविता नेमकी त्याच गोष्टीची असते. शास्त्राप्रमाणे अशा वेळी रस निष्पन्न व्हायला नको. आणि लोक तर अशाच वेळी कवितेकडे जास्त वळतात. म्हणजे ते तिथे रस चाखायला जातच नसावेत. त्यांना दुसरंच काही हवं असावं, आणि ते जे काही आहे त्याला ‘वा’ ही दाद पुरत नाही. तोंड अडतं ते म्हणून.

मराठी वाचक मरणाला बुजतो असं मात्र कुणी म्हणू नये. ‘आपुले मरण पाहिले म्यां डोळां’ म्हणणाऱ्या तुकोबांनी त्याचा अनुपम्य सोहळा केला आहे, आणि तो सोहळा लोक शेकडो वर्षं टाळ वाजवत गाताहेत. भा. रा. तांब्यांची ‘जन पळभर म्हणतील हाय हाय’ ही तर माणसाच्या मागे त्याचं काहीही उरत नाही असं सांगणारी कविता. आपण गेलो तरी सूर्य, चंद्र, तारे आपापलं काम करतच राहणार. विषय इतका कठोर, पण वसंत प्रभूंची चाल आणि लता मंगेशकरांचा आवाज मिळाला आणि लोक ती काम करता करता गुणगुणू लागले. आपण विसरले जाणार याची खात्री देणारं गाणं कुणीच विसरायला तयार नाही. गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’मधली आई, मूल गेलंय हे कबूलच न करणारी, ऐकणाऱ्याला हमखास रडवते. या तिन्ही ठिकाणी वाचकाला काय करायचं ते ठाऊक असतं. गायचं, गुणगुणायचं, रडायचं. मरण अजून एकेका माणसाचं असतं आणि प्रतिसादाच्या वाटा मळलेल्या असतात.

मर्ढेकरांपाशी वाट संपते. १९४७ साली त्यांचा ‘काही कविता’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. दुसरं महायुद्ध नुकतंच सरलेलं. त्यातल्या उंदरांच्या कवितेची त्या काळी जी थट्टा झाली ती आज वाचताना गंमत वाटते. उंदरांवर कसली कविता? दुर्बोध, किळसवाणी, परकी. संग्रहावर अश्लीलतेचा खटलाही झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. आता तीच कविता अभ्यासक्रमाला असते आणि तिच्यावर दहा गुणांचं टिपण विचारतात. उपहास झाला, खटला झाला, मग टिपण झालं. या तिन्हींमध्ये कविता अंगाला लागू न देण्याची सोय उत्तम आहे, आणि मला विचाराल तर टिपण त्यातलं सगळ्यात परिणामकारक.

पण ती एकदा मोठ्याने म्हणून पाहावी.

पिपांत मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण;

सोळा सोळा मात्रांच्या ओळी. मांडीवर मूल थोपटताना जो ठेका आपोआप हाताला येतो, तोच. विषय किळसवाणा आणि ठेका अंगाईचा. शिवाय माना मुरगळल्याविण पडल्या आहेत. इथेच मी दर वेळी अडकते. कुणी मुरगळल्या असत्या तर निदान खुनी तरी असता, त्याच्यावर रागावता आलं असतं, त्याच्याविरुद्ध घोषणा देता आल्या असत्या. मर्ढेकर ती सोय ठेवत नाहीत. आणि पुढे येतं ते ‘जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे’. मरण सगळ्यांना येतं, तो काही कुणाचा गुन्हा नाही. पण पिपात येणारं मरण कुणीतरी रचलेलं असतं. ही दोन मरणं एकमेकांत अशी कालवली जातात की वेगळी काढता येत नाहीत, आणि वाईट काळ म्हणजे नेमकं हेच. २०२० आणि २०२१ मध्ये रोज सकाळी आकडे वाचणाऱ्या प्रत्येकाला ही सरमिसळ माहीत आहे. आजाराने गेला की खाट न मिळाल्याने गेला? उत्तर मिळत नव्हतं, आणि उत्तराशिवाय नीट रडताही येत नव्हतं.

त्या दिवसांनंतर एका ग्रंथालयातून मी एक कवितासंग्रह आणला. नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगायचंय ते कवीचं नाही. बराच हाताळलेला, बांधणी सुटलेली, एका पानावर चहाचा डाग. रुग्णशय्येवरच्या एका लांबलचक कवितेशेजारी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘अती निराशा. कवीने सकारात्मक व्हावे.’ त्याखाली निळ्या शाईत, वेगळ्या हातचं: ‘तुम्ही कधी इस्पितळात रात्र काढलेली दिसत नाही.’ त्याच्याखाली, अगदी बारीक अक्षरात, तिसऱ्याच कुणाचं: ‘मी काढली आहे. तरी मलाही निराशच वाटते. पण सोडवत नाही.’ ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये हा नियम मलाही मान्य आहे, पण या तीन ओळी खोडायला मी कुणाला देणार नाही. पहिला वाचक कवीला उपदेश करतो. दुसरा पहिल्यावर चिडतो, त्याला कवितेहून पहिल्या वाचकाचंच जास्त लागलेलं आहे. तिसऱ्याचं भांडण कुणाशीच नाही. कविता निराश आहे हे पहिल्याचं म्हणणं त्याला मान्य, इस्पितळाची रात्र ही दुसऱ्याची अट त्याने पुरी केलेली, आणि तरी तो पुस्तक घेऊन बसला आहे. कुणी बक्षीस द्यायला सांगितलं तर मी त्या तिसऱ्याला देईन.

‘सोडवत नाही’ याची सगळ्यात टोकाची गोष्ट रशियन कवयित्री आन्ना आख्मातोवाची. १९३८ मध्ये, स्टालिनच्या राजवटीत, तिच्या मुलाला अटक झाली. लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेरच्या रांगांत तिने सतरा महिने काढले. ‘रेक्विएम’ या आपल्या काव्यमालिकेच्या सुरुवातीला तिने त्या रांगेतला एक प्रसंग सांगितला आहे. तिथे सगळे कुजबुजतच बोलत. कुणीतरी तिला ओळखलं. तेव्हा मागे उभी असलेली, थंडीने ओठ निळे पडलेली एक बाई तिच्या कानाशी येऊन विचारते, हे तुम्ही शब्दांत मांडू शकाल? आख्मातोवा म्हणते, शकेन. आणि एके काळी जो त्या बाईचा चेहरा होता त्यावरून हसण्यासारखं काहीतरी सरकून जातं.

अजून कविता लिहिलीही गेलेली नाही, आणि प्रतिसाद येऊन गेलेला आहे. त्या बाईने तिला ‘मुलगा सुटेल का’ विचारलं नाही. धीर मागितला नाही. आशेचा किरण तर नाहीच नाही. हे असं असं घडलं, हे कुणीतरी नीट सांगू शकेल का, एवढीच तिची चौकशी. मला वाटतं, वाईट काळातल्या वाचकाची मागणी याहून वेगळी नसते. रस घेणारा माणूस तिथे नाहीच, तिथे साक्षीदार शोधणारा माणूस आहे. आणि साक्षीदार मिळाला की त्याला ‘वा’ म्हणत नाहीत.

मग त्याचं काय करतात? ते आख्मातोवाची मैत्रीण लीदिया चुकोव्स्काया सांगते. घराला कान आहेत याची आख्मातोवाला खात्री होती. मैत्रीण आली की ती कागदाच्या चिटोऱ्यावर कवितेचा तुकडा लिहायची आणि तोंडाने मोठ्याने चहाचं विचारायची, नाहीतर यंदा शरद ऋतू लवकर आला असं काहीबाही बोलायची. चिटोरा पुढे करायची. मैत्रिणीने तो मुकाट्याने वाचायचा, पाठ करायचा, परत द्यायचा. मग काडी ओढून तो राखदाणीत जाळायचा. ‘रेक्विएम’ अशी काही मोजक्या माणसांच्या डोक्यात वर्षानुवर्षं राहिली. १९६३ मध्ये ती म्यूनिकला छापली गेली, तीही कवयित्रीला न विचारता. सोव्हिएत वाचकाला छापील रूपात मिळायला १९८७ उजाडावं लागलं. चुकोव्स्कायाने त्या चिटोऱ्यांना ‘वा’ म्हटलं असेल का? घराला कान असताना ते शक्यच नव्हतं. तिने पाठ केलं. याहून मोठी दाद माझ्या तरी ऐकिवात नाही. आणि पाठ करणाऱ्याला प्रत्येक ओळीकडे किती बारकाईने पाहावं लागतं, हे कुठल्याही समीक्षकाने ध्यानात घ्यावं.

याच्या नेमकं उलट घडलं पाउल सेलान या जर्मनमध्ये लिहिणाऱ्या ज्यू कवीच्या बाबतीत. आईवडील नाझींच्या छावणीत गेले: वडील आजाराने, आईला गोळी घातली. त्यानंतर त्याने ‘टोडेसफूगं’ लिहिली, मृत्यूची फ्यूग. फ्यूग म्हणजे एकच धून वेगवेगळ्या स्वरांत पुन्हा पुन्हा गुंफत नेणारी पाश्चात्त्य संगीतरचना. १९५२ मध्ये जर्मन लेखकांच्या एका नामांकित गटापुढे त्याने ती वाचली. तिथल्या काहींना त्याची वाचण्याची लयबद्ध, जुन्या वळणाची पद्धत हास्यास्पद वाटली. हा तर हिटलरच्या प्रचारमंत्र्यासारखा, गोबेल्ससारखा वाचतोय, असंही कुणी म्हणालं. ज्याची आई त्या राजवटीने मारली त्याला. पुढे वारं फिरलं आणि कविता पाठ्यपुस्तकांत गेली. मुलं वर्गात तिची संगीतरचना उलगडू लागली: विषय कुठे येतो, प्रतिविषय कुठे, स्वर कसे गुंफलेत. १९५९ मध्ये एका समीक्षकाने सेलानच्या कवितांविषयी लिहिताना, हे सगळं स्वरलिपीच्या कागदावरचे अभ्यास आहेत अशा अर्थाचं काही लिहिलं. सेलान ढवळून निघाला. त्याने आपली कवयित्री मैत्रीण इंगेबोर्ग बाखमान हिला कळवलं की ही कविता म्हणजे एक थडगंही आहे, आणि माझ्या आईला दुसरं कुठलं थडगं नाही.

हे वाचल्यापासून कवितेच्या ‘रचनेचं सौंदर्य’ वगैरे बोलताना माझी जीभ जरा चाचरते. रचनेविषयी बोलू नये असं नव्हे. सेलानने ती रचना काही अपघाताने केलेली नव्हती. पण थडग्यावरची कलाकुसर न्याहाळताना आत कुणी आहे याचा विसर पडणं, ही रसिकतेची खास हद्द आहे. जर्मन तत्त्वज्ञ अडोर्नोचं ते सुप्रसिद्ध वाक्य, आउशविट्झनंतर कविता लिहिणं रानटीपणाचं आहे हे, बहुधा याच भीतीतून आलं असावं: दुःखाचं सुंदर काही होईल आणि आपण ते मिटक्या मारत वाचू. १९६६ मध्ये त्याने स्वतःच ते मागे घेतल्यासारखं केलं. छळ होणाऱ्याला जसा ओरडण्याचा, तसा दुःखालाही व्यक्त होण्याचा हक्क आहे, असं त्याने लिहिलं. पहिलं वाक्य अजून सगळ्यांच्या तोंडी आहे, दुसरं फारसं कुणी सांगत नाही. निराशेची वाक्यं जास्त चालतात. आशेच्या किरणवाल्यांनी याचाही विचार करावा.

कवीचं स्वतःच्या कवितेविषयीचं मत वाचक किती मानतो, याचं उदाहरण इंग्रजी कवी ऑडेन. १ सप्टेंबर १९३९, दुसरं महायुद्ध सुरू झालं तो दिवस, हेच त्याच्या कवितेचं नाव. त्यातली एक ओळ फार गाजली: आपण एकमेकांवर प्रेम करायलाच हवं, नाहीतर मरू. पुढे ऑडेनला ती ओळ धडधडीत खोटी वाटू लागली. प्रेम केलं तरी मरायचंच आहे की! त्याने आधी ते कडवंच गाळलं. मग १९५५ मध्ये एका संकलनासाठी ओळ बदलली: एकमेकांवर प्रेम करायला हवं आणि मरायला हवं. तरी समाधान होईना, तेव्हा १९६६ च्या संग्रहातून अख्ख्या कवितेचीच गच्छंती. आणि २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर न्यूयॉर्कमध्ये लोकांनी एकमेकांना कुठली कविता पाठवली? हीच. टाकून दिलेली.

माझ्या मते ऑडेन बरोबर होता आणि वाचकही बरोबर होते. मर्त्यतेचा प्रश्न असेल तर ‘आणि मरायला हवं’ हेच खरं. पण वाईट काळाचा प्रश्न असेल तर ‘नाहीतर मरू’ याला अर्थ उरतो, कारण तिथे मरण टाळता येण्यासारखं असतं आणि ते न टाळणारी माणसं असतात. म्हातारा होत चाललेला कवी पहिल्या प्रश्नाकडे सरकला होता. धुराच्या वासात बसलेल्या वाचकांना दुसरा प्रश्न पडला होता. त्यांनी कवीला न विचारता कवितेवर आपली तारीख घातली, आणि कवितेने ती निमूट घालून घेतली.

इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेनने मात्र हे आधीच ओळखलं होतं. पंचविसाव्या वर्षी, पहिलं महायुद्ध संपायला आठवडा असताना तो मारला गेला. आपल्या न छापलेल्या संग्रहासाठी त्याने प्रस्तावनेचा खर्डा करून ठेवला होता. त्यात तो म्हणतो की ही शोकगीतं या पिढीला कसलंही सांत्वन देणारी नाहीत, पुढच्या पिढीला कदाचित देतील. अभिनवगुप्ताचं विघ्न त्याने दोन वाक्यांत सांगून टाकलं. एवढं असूनही १९३६ मध्ये येट्ससारख्या थोर कवीने आपल्या संकलनातून ओवेनला वगळलं, कारण काय तर निमूट सोसणं हा कवितेचा विषयच नव्हे. मला येट्स फार आवडतो. पण तुरुंगाबाहेरच्या रांगेतल्या बाईला त्याने हे तोंडावर सांगून दाखवायला हवं होतं.

एवढं सगळं गंभीरपणे लिहिल्यावर एक गोष्ट सांगायलाच हवी. काळोख्या कविता म्हणून जे काही येतं त्यातलं पुष्कळसं टाकाऊ असतं. काळ बिघडला की राख, चिता, गिधाडं, रक्ताळलेला सूर्य आणि विझलेल्या मशाली यांना एकदम भाव येतो. मेलेला कोण हे शेवटपर्यंत कळत नाही, कारण मेलेला कुणी नसतोच. ‘मानवता’ मेलेली असते. तिला कुणी कधी जेवू घातलेलं नसतं, त्यामुळे तिच्या जाण्याने कुणाचंही ताट रिकामं राहत नाही. अशा कवितांना टाळ्या मात्र भरपूर पडतात. ऐकणाऱ्याचं कवीशी मत जुळलेलं असतं, आणि मत जुळल्याचा आनंद हा कविता आवडल्याच्या आनंदासारखाच दिसतो. माझी कसोटी अगदी साधी आहे. कवितेत एखादी तरी अशी वस्तू हवी जी दुसऱ्या कुणाच्या मरणात नसती.

अशी वस्तू मला एका मैत्रिणीच्या कवितेत सापडली. आम्ही पाचसहा जण अधूनमधून एकत्र वाचतो. तिने वडिलांवरची कविता आणली होती. कवितेत फक्त खिडकीची कड आहे आणि तिच्यावरच्या वस्तू: चष्मा, उलटी ठेवलेली वाटी, आणि गोळ्यांची पट्टी, जिच्यात दोन गोळ्या उरल्या आहेत. वडिलांचं नाव नाही, जाणं नाही, रडणं नाही. वाचून झालं आणि नेहमीची पंचाईत सुरू झाली. मग आमच्यातल्या सगळ्यात प्रेमळ गृहस्थांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, ‘तू ठीक आहेस ना गं?’

‘मी ठीक आहे हो काका,’ ती म्हणाली, ‘कविता कशी आहे ते सांगा.’

काका ओशाळले. मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटते. कधीकधी तो प्रश्न विचारायलाच हवा असतो. कवितेआडून कुणी खरोखरच हाक मारत असेल, तर यमक तपासत बसणं हा निष्ठुरपणा झाला. फक्त तो प्रश्न माणसाला विचारावा, नंतर, चपला घालताना, एकटं गाठून. कवितेला उत्तर म्हणून तो दिला की कविता म्हणजे दुखण्याचं लक्षण ठरते, आणि कवयित्री म्हणजे पेशंट.

मी तिला ती पुन्हा वाचायला सांगितली. हल्ली मी एवढंच करते, पुन्हा वाच म्हणते. दुसऱ्यांदा ऐकताना दाद देण्याची घाई नसते, त्यामुळे ऐकू जास्त येतं. दुसऱ्या वाचनानंतर मी विचारलं, ‘दोनच का? पट्टीत दोनच गोळ्या का उरल्यात?’

त्यावर ती अर्धा तास बोलली. बाबा गोळ्या मोजून ठेवायचे. पट्टी संपायच्या चार दिवस आधी नवी आणून ठेवायची हा त्यांचा नियम होता, आणि तो कधी चुकला नव्हता. शेवटच्या आठवड्यात त्यांनी नवी पट्टी आणायला सांगितलंच नाही. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. पट्टी कडेवर होती, दोन गोळ्या होत्या, आणि ते काही बोलले नव्हते. हे सगळं कवितेत नाही. कवितेत ‘दोन’ आहे. काका पुढे सरकून बसले आणि त्यांनी विचारलं, गोळ्या कसल्या होत्या. रक्तदाबाच्या, ती म्हणाली. मग काकांनी त्यांच्या थोरल्या भावाचं सांगितलं, जे आम्ही इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. पुढच्याची विनोदी कविता त्या दिवशी राहिलीच.

त्यानंतरच्या खर्ड्यात तिने दोनच्या तीन केल्या आहेत. प्रत्यक्षात तीन होत्या, नंतर आठवलं, असं तिचं म्हणणं. मला दोनच बऱ्या वाटतात, ओळीत तोल राहतो. यावर आमचं अजून पटलेलं नाही. ती म्हणते, तोल तुझ्याकडे ठेव, बाबांच्या गोळ्या मी मोजणार.